यांनी की यांसी

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला टेबल मिळालं नाही, खुर्चीही मिळाली नाही. मिळाला एक दोन इंची ब्रश, रंगारी दारं रंगवायला वापरतात तसला. "पहले झाड़िए, फिर पढ़िए," एवढं सांगून रामसेवक नावाचा माझ्याच वयाचा शिपाई निघून गेला. जुना कागद आधी झाडायचा, मग हळू उलगडायचा, मग वाचायचा. पुढच्या एकतीस वर्षांत मला याहून उपयोगी सूचना कुणी दिली नाही.

ग्वाल्हेरच्या एका दफ्तरखान्यात मी मोडी वाचक होते. जुन्या संस्थानाचा कारभार ज्या मराठी कागदांवर चालला, ते कागद लाल कापडाच्या रुमालांत बांधून लोखंडी मांडण्यांवर ठेवलेले असत. मोडी ही आपल्या मराठीचीच घाईची लिपी. कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार मर्जी असेल तर, आणि पूर्णविराम तर नाहीच. शब्द वाचणाऱ्याने तोडायचे. मला ही लिपी वडिलांनी शिकवली. खासगी बाजारातल्या आमच्या घरी पाटी-पेन्सिल घेऊन ते रोज संध्याकाळी बसवायचे, आणि मी रडायची. त्या रडण्यावर पुढे नोकरी लागली.

आमच्याकडे येणारे लोक फार मजेचे. एक गृहस्थ भिंडकडून दर हिवाळ्यात यायचे. त्यांच्या आजोबांनी कुठेतरी हंडा पुरला होता आणि त्याचा नकाशा सरकारी कागदांत असणारच, अशी त्यांची खात्री. मी त्यांना गवताच्या गंजीच्या तक्रारी वाचून दाखवायची आणि ते मन लावून ऐकायचे, म्हणजे गंजी कुठे होती हे टिपून घ्यायचे. एक बाई आल्या, पुरोहित घराण्यातल्या. वाड्यावरच्या पंगतीत त्यांच्या पणजोबांचं पान तिसरं होतं की पाचवं, यावर दोन चुलत घरांत बोलणं बंद होतं. मला पाचवं सापडलं. बाई म्हणाल्या, "हे नका लिहून देऊ." मी नाही लिहून दिलं. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. कागदातलं एक वाक्य जिवंत माणसाला किती लागतं, हे मी तिथेच शिकायला हवं होतं.

आता तोफखान्याच्या रुमालांकडे येते.

तोफखाना म्हटलं की लोकांना तोफा दिसतात. कागदांत तोफा कमी आणि बैलच जास्त. मोठी तोफ ओढायला बैल किती, त्यांचा चारा कुठून येणार, चाक मोडलं तर सुतार कुठल्या गावचा बोलवायचा. या सगळ्यावरचा अधिकारी म्हणजे तोफखान्याचे दारोगे. तोफा ओतवून घेणं, गोळे करवून घेणं, शोरा, गंधक आणि कोळसा जमवून दारू बनवून घेणं, गोलंदाज नेमणं, आणि लढाईच्या दिवशी यातली प्रत्येक गोष्ट जागेवर हजर ठेवणं ही त्यांची जबाबदारी. दारू म्हणजे तोफेची. या शब्दावरचा विनोद आमच्या कार्यालयात रोज एकदा व्हायचाच.

या पदाचा इतिहास मी रुमालामागून रुमाल वाचत गोळा केला होता. सुरुवातीचे दारोगे फौजेबरोबर घोड्यावर असत आणि तोफेपासून ठिणगीपर्यंत सगळं त्यांच्या हुकमात असे. पुढे दरबाराला एका माणसाच्या हातात एवढं काही असणं धोक्याचं वाटू लागलं. मग दारूची कोठी वेगळ्या कारकुनाकडे गेली. तोफा दारोग्यांच्या, दारू कोठीवाल्याची, आणि कोठीची किल्ली तिसऱ्याकडे. त्यानंतरच्या पिढीत दारोगे फक्त सलामीच्या तोफांचा बंदोबस्त बघत. अगदी शेवटच्या रुमालात त्यांच्या शिक्क्याखाली सतरंज्या आणि कंदील मागवलेले आहेत.

कोठी वेगळी झाली होती, हे मला पक्कं माहीत होतं. हे माहीत असूनही मी पुढे जे केलं ते केलं. म्हणून आधीच सांगून ठेवते.

निवृत्तीला चार वर्षं असताना आमच्या त्या वेळच्या साहेबांच्या मनात आलं की तोफखान्यावर प्रदर्शन भरवायचं. मोठे बोर्ड, जुन्या कागदांच्या चौकटी, सोबत एक छापील पुस्तिका. साहेब हिंदी भाषी, उत्साही, माणूस वाईट नव्हता. मजकूर मी मराठीत करायचा आणि त्याचं हिंदी व्हायचं. हातात तीन आठवडे होते.

या कामात मला मास्तरांची फार मदत झाली. मास्तर म्हणजे दौलतगंजातले निवृत्त पीटी मास्तर. आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी पोरांना त्यांनी शिट्टीवर पळवलं होतं. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या बाहीला कायम इस्त्रीची धार. त्यांच्या घराण्यात तोफखान्याची दारोगी चार पिढ्या होती. घरातल्या जुन्या कागदांची ट्रंक त्यांनी काही वर्षांपूर्वी स्वतः सायकलच्या कॅरिअरला बांधून आमच्याकडे आणून दिली होती. "घरी वाळवी खाऊन टाकेल, ताई. तुमच्याकडे राहू द्या," म्हणाले होते. पावतीसुद्धा मागितली नव्हती.

त्यांच्या ज्या पूर्वजाचं घरात सर्वांत जास्त नाव निघायचं, त्याच्याच काळातला, म्हणजे कोठी वेगळी झाल्यानंतरचा, एक कागद मला प्रदर्शनासाठी हाताशी आला. एका हरलेल्या लढाईनंतर छावणीतल्या कारकुनाने दरबाराला धाडलेली बातमी. त्यातल्या चार ओळी अशा: तोफा मोर्च्यावर लागल्या. गोलंदाज हजर. तोफखान्याचे दारोगे यां, मग एक भोक, मग वेलांटी, आणि पुढे स्पष्ट: दारू न दिली. सबब तोफा बंद राहिल्या.

भोक कसरीचं. तुरीच्या डाळीएवढं. कसरीने बरोबर ते एक अक्षर खाल्लं होतं.

तिथे ‘नी’ असेल तर दारोगे यांनी दारू न दिली. म्हणजे दारोग्याने ऐन लढाईत दारू अडवली. तिथे ‘सी’ असेल तर दारोगे यांसी दारू न दिली. म्हणजे त्यालाच कुणी दारू दिली नाही. एका अक्षरात एक माणूस फितूर ठरतो किंवा फसवलेला ठरतो.

अशा जागी काय करायचं याचा नियम आहे. शंका असलेलं अक्षर कंसात घालायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह द्यायचं. मी पहिल्या प्रतीत तसंच केलं होतं. साहेबांनी ते पाहिलं.

"मैडम, बोर्ड पर प्रश्नचिह्न कौन पढ़ेगा? ये है क्या, ‘ने’ या ‘को’?"

"सर, अक्षर कटा हुआ है."

"आप पच्चीस साल से यही कर रही हैं. आपको क्या लगता है?"

मला वाटत होतं ‘नी’. भोकाच्या वरच्या कडेला अक्षराचा जो तुकडा उरला होता, तो मला ‘न’चा वाटला होता. शिवाय ‘यांनी’ने वाक्य सरळ लागत होतं, आणि त्या दिवशी अजून अकरा बोर्ड बाकी होते. पण खरं सांगायचं तर मला आणखी एक गोष्ट सुखावून गेली. ‘आपको क्या लगता है’ असं मला इतक्या वर्षांत फार कुणी विचारलं नव्हतं.

"‘ने’ है, सर," मी म्हणाले.

साहेबांनी पेनने कंस आणि प्रश्नचिन्ह खोडलं.

मास्तरांना आधी सांगावं, हे माझ्या मनात आलं होतं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. प्रदर्शनाची आमंत्रणपत्रिका मात्र मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली, आणि वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या हातचा चिवडा खाऊन आले. बोलले नाही. इतिहास तो इतिहास, एवढे शिकलेले आहेत, समजून घेतील, असं मी स्वतःला बजावत गल्ली उतरले.

उद्घाटनाला मास्तर सगळ्यांना घेऊन आले. वहिनी नऊवारीत, मुलगा संजय, सून, लहान नात. मास्तरांच्या डोक्याला फेटा. साहेबांनी त्यांना पाहुण्यांच्या रांगेत बसवलं आणि ‘दरोगा जी के वंशज’ म्हणून टाळ्याही वाजवल्या गेल्या. साहेबांनी तो बोर्ड वाचलाच नव्हता, किंवा वाचून विसरले होते. मग सगळे बोर्ड बघत फिरू लागले.

मी लांबून बघत होते. मास्तर सातव्या बोर्डापाशी पोचले. वर त्यांच्या पूर्वजाचं पूर्ण नाव, आडनावासकट, ठसठशीत. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. संजयने नातीसाठी हिंदी मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती, "दरोगा ने बारूद नहीं दी, इस कारण..." आणि तो थांबला. नात म्हणाली, "आगे पढ़ो ना, पापा."

मास्तर बोर्डासमोर बराच वेळ ताठ उभे राहिले. मग नातीचा हात धरून पुढच्या बोर्डाकडे गेले. राहिलेले सगळे बोर्ड त्यांनी नीट वाचले. जाताना मला नमस्कार केला. फेटा त्यांनी बाहेर जाऊन काढला, ते मी खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरने बातमी दिली आणि मथळ्यात ‘गद्दार’ हा शब्द घातला. तो माझा शब्द नव्हता. पण तो माझ्या वाक्यातूनच निघाला होता.

गणपती आले. दौलतगंजातल्या आमच्या मराठी मंडळाच्या उत्सवात आरतीचं तबक वर्षानुवर्षं मास्तरांच्या हाती असे. त्या संध्याकाळी कापराची डबी त्यांच्याकडे होती. मागून कुणीतरी, त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, हसत विचारलं, "मास्तर, कापूर तरी देणार ना?"

लोक हसले. मास्तरही हसले. डबी पुढे केली. मी बायकांच्या रांगेत होते आणि मी मान खाली घालून टाळ्या वाजवत राहिले. पुढच्या वर्षापासून मास्तर उत्सवात दिसले नाहीत.

दसऱ्याच्या आधी ते कार्यालयात आले. माझ्या टेबलासमोर उभेच राहिले.

"ताई, एक काम होतं. तो कागद मला दाखवता का?"

मी रामसेवककडून रुमाल मागवला, कागद काढून काचेवर ठेवला. मास्तर वाकले. त्यांना मोडी येत नव्हती. मी बोट ठेवून ओळ दाखवली.

"हे भोक कशाचं?"

"कसरीचं."

"आणि भोकात काय होतं?"

"‘नी’ होता."

त्यांनी मान वर केली. "भोकात?"

"वरचा भाग शिल्लक आहे, मास्तर. त्यावरून कळतं."

"मला समजून नाही राहिलं, ताई. म्हणजे तुम्ही बघितलं तर आहे ना नीट? घरी दसऱ्याला आम्ही तोफेचा एक गोळा पूजेत मांडतो. काल सून विचारत होती, बाबा, या वेळी मांडायचा की नाही मांडायचा. मी काय सांगू तिला?"

मला त्या वेळी फक्त ‘पुन्हा बघते’ एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण बाजूच्या टेबलांवरचे लोक ऐकत होते, आणि माझं नाव त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं.

"मास्तर, माझं आयुष्य गेलंय यात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मी उद्या तुम्हाला कवायत शिकवू का?"

त्यांनी हात जोडले. "नाही, नाही. तुमचं बरोबर असेल. चूक माझीच, विचारायला आलो." आणि ते गेले.

ते पुन्हा आले, पण माझ्याकडे नाही. पुढच्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी वाचनकक्षात डोकावले, तर मास्तर कोपऱ्यातल्या टेबलावर मोडीचं बाराखडीचं पुस्तक उघडून बसलेले. समोर चौरेघी वही. बहात्तराव्या वर्षी त्यांनी पहिल्या रेघेपासून सुरुवात केली होती. दर मंगळवारी अकराला यायचे, एक रुमाल मागायचे, चारला परत करायचे. पेन्सिलीने अक्षर अक्षर उतरवायचे. एका दिवसात कधी तीन ओळी, कधी एक. मी त्यांना चुकवत असे. मंगळवारी वाचनकक्षाची पाळी मी दुसऱ्यांना देऊन टाकायची. ज्या माणसाला मदत करणं हे माझं कामच होतं, तो माणूस दोन हिवाळे माझ्यापासून वीस पावलांवर माझीच लिपी एकट्याने शिकत होता.

एकदा रामसेवक म्हणाला, "मैडम, मास्टर साहब एक बस्ते में आपके लिए कुछ रख गए हैं. बोले, जब फुरसत हो तब देख लें."

"देखते हैं," मी म्हणाले.

मी पाहिलं नाही. मला वाटलं, पुन्हा तेच असेल. तक्रार असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे विनंती.

मग मास्तर यायचे थांबले. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता, ते गेले. मी समाचाराला गेले नाही. कार्यालयातर्फे कुणीतरी गेलं.

त्यांना जाऊन चार महिने झाल्यावर, निवृत्तीआधीची याद्या तपासायची कामं चालू असताना, रामसेवकने तो रुमाल न सांगता माझ्या टेबलावर आणून ठेवला. गाठ सोडली. मधोमध एका कागदाला चौरेघी वहीची चिठ्ठी लावलेली. वर तारीख, जवळजवळ एक वर्षापूर्वीची. खाली मोडीत, पहिलीतल्या पोराने काढावं तशा वळणात लिहिलं होतं: ताई, हा कागद आमच्याच ट्रंकेतला आहे. ‘दारू’ लागते, ‘तीन वेळ’ लागते. पुढचं लागत नाही. पाहाल का.

मी तो कागद वाचला. दारोग्याच्या स्वतःच्या हाताची नक्कल होती, कोठीच्या कारभाऱ्याला धाडलेल्या पत्राची. त्याच लढाईच्या आदल्या दिवसाचं. तीन वेळ लिहून पाठविले, दारू येत नाही. गोलंदाज आमचे तोंडाकडे पाहतात. उद्यां काय सांगावे. किल्ली कोणाकडे हे तरी कळवावे.

ट्रंकेतला कागद. म्हणजे मास्तरांनी सायकलवर आणून दिलेल्या कागदांतला. तो सगळी वर्षं आमच्याकडे होता, आणि मी तो यादीत ‘किरकोळ’ या सदरात घातला होता.

मग मी पहिला कागद काढला. भिंग घेतलं, खाली दिवा ठेवला. भोकाच्या वरच्या कडेकडेच मी कायम बघत आले होते. या वेळी खालची कडा पाहिली. तिथे शाईची एक बारीक शेपटी होती, डावीकडे वळलेली. त्या कारकुनाचा ‘न’ असा खाली येत नाही. त्याच पानावर त्याचे ‘स’ मी मोजून पाहिले. सगळ्यांना ती शेपटी होती.

यांसी.

मी खुर्चीत बसून राहिले. रामसेवकने पाणी आणून ठेवलं.

त्यानंतरची गोष्ट मला सांगायलाही कंटाळा येतो. साहेब बदलले होते. नव्या साहेबांना मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, जो छप गया सो छप गया. बोर्ड तो अब परमानेंट गैलरी में हैं. आप लिखकर दीजिए, कमेटी देखेगी." मी लिहून दिलं. दोन्ही कागदांच्या छायाप्रतींची परवानगी मागितली, कारण आमच्याकडे मूळ कागदाचा फोटो परवानगीशिवाय काढता येत नसे, हा नियम मीच इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला होता. अर्ज फिरत राहिला. दोन्ही कागद मी एका रुमालात बांधून माझ्या टेबलामागच्या मांडणीवर ठेवले, हाताशी असावेत म्हणून.

मे महिना होता. खोलीत मोठा कूलर होता. शनिवारी तो बंद करायचा राहिला, त्याची पाण्याची नळी निसटली आणि पाणी रविवारभर मांडणीवरून खाली जात राहिलं. सोमवारी मी गेले तेव्हा लाल रुमालाचा रंग सुटून भिंतीवर ओघळ आले होते. काजळीची शाई पाण्यात टिकत नाही. मी आणि रामसेवकने पानं वेगळी करायचा प्रयत्न केला. ती हाताला लागली ती लगद्यासारखी. छावणीतल्या कारकुनाचं पान सुटलं, पण त्यावर राखाडी डागाशिवाय काही नव्हतं. भोक मात्र होतं.

अर्ज फिरत होता ते तीन आठवडे मोबाइल माझ्या पर्समध्येच होता. तो कागद आणि तो मोबाइल रोज एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. मी नियम पाळला. आयुष्यात एकदा कंस आणि प्रश्नचिन्हाचा नियम मोडला आणि एकदा फोटोचा नियम पाळला, आणि दोन्ही वेळा चुकले.

कमिटीचं उत्तर माझ्या निवृत्तीनंतर घरी आलं. मूळ कागद उपलब्ध नसल्याने मजकुरात बदल करता येत नाही.

मास्तरांच्या घरी जायला मला आणखी बरेच महिने लागले. आधी वाटायचं, पुरावा हातात घेऊन जाऊ. मग पुरावाच राहिला नाही. मग लाज. अखेर गेल्या माघात गेले. दौलतगंजातलं घर त्यांनी सोडलं होतं. संजय आता थाटीपुरात सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. वहिनी त्याच्याजवळ. त्यांनी मला ओळखलं, आत घेतलं, चहा ठेवला. संजय ऑफिसातून यायची मी वाट पाहिली, म्हणजे दोनदा सांगावं लागणार नाही.

मी सगळं सांगितलं. साहेबांचं, भोकाचं, माझ्या ‘ने’चं. मास्तरांची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ती वेगळ्या पाकिटात होती म्हणून पाण्यातून वाचली होती. मग मी उतरवून घेतलेलं दारोग्याचं पत्र वाचून दाखवलं.

वहिनींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. त्यांना ती वाचता येत नव्हती, पण अक्षर ओळखीचं होतं. "रात्रंदिवस हेच गिरवत बसायचे," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांनी दारू अडवली नव्हती?"

"नाही, वहिनी. त्यांनाच कुणी दिली नाही."

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"मास्तर गेल्यावर. चार महिन्यांनी."

"आणि ही चिठ्ठी ह्यांनी केव्हा ठेवलेली?"

"मला कळण्याच्या आधी वर्षभर."

वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे तेव्हा हे होते," त्या म्हणाल्या. "आठ महिने होते."

मी हो म्हणाले. त्यांनी मला काही बोल लावला नाही. चहाचे कप उचलून आत गेल्या, आणि मी असेपर्यंत पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

संजय मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी त्याला सांगितलं की मी हे लिहिणार आहे, दिवाळी अंकासाठी, सगळं, माझ्या चुकीसकट. कुठेतरी छापलेलं राहायला हवं.

"काकू, तुम्ही लिहा. लेकिन सरनेम मत डालिए, प्लीज."

"अरे, पण नाव नाही घातलं तर मग..."

"माझ्या मुलीला शाळेत दोन वर्षं ‘गद्दार’ म्हणत होते. आता शाळा बदलली आहे, तिथे कोणाला माहीत नाही. तुम्ही चांगल्यासाठी लिहाल, पर लोग पूरा कहाँ पढ़ते हैं? नाव दिसलं की बात फिर से चालू हो जाएगी. बाबा तर गेले. आता तिला राहू द्या."

मी त्याला समजावू शकले असते. दफ्तरखान्यात एकतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले की खरं असेल ते नावानिशी लिहिलेलं असावं. पण त्या घराला मी आधी एकदा नावानिशी लिहून दिलं होतं. मी त्याला शब्द दिला.

म्हणून या लेखात मास्तरांना मी फक्त मास्तर म्हटलं आहे, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील, गाव आणि बोर्डाचा क्रमांक धरून, बदलले आहेत. तो बोर्ड अजून गॅलरीत आहे. वर पूर्ण नाव आहे आणि त्याखाली माझं वाक्य आहे, प्रश्नचिन्हाशिवाय. हा लेख वाचलेला माणूस उद्या त्या बोर्डासमोर उभा राहिला, तरी मी इथे ज्याच्याबद्दल लिहिलं तो हाच, हे त्याला कळणार नाही. तो बोर्ड वाचेल, आणि दारोग्याने दारू दिली नाही असंच समजून पुढे जाईल.